छायाचित्रकार राजा दीनदयाळ : दरबार आणि दुष्काळ

विद्या आणि कला यांस ज्ञातीची वा प्रांताची सीमा नसते. आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचा परिचय वाचावयास मिळेल, अशी वाचकांची स्वाभाविक अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक मात्र ना आपल्या ज्ञातीचे, ना कोकणचे. तरीही त्यांचे चरित्र येथे द्यावे असे वाटले, यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या सावर्ड्यात आज कलामहाविद्यालय आहे, आणि मुलाने वा मुलीने कलेची वाट धरतो म्हटले की आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पोटाचा. या प्रश्नास शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका पुरुषाने आपल्या आयुष्याने उत्तर दिले आहे. दुसरे कारण असे की, ज्या कलेवर त्यांनी राजेरजवाड्यांकडून द्रव्य व मान मिळविला, त्याच कलेने त्यांच्या पेढीने मराठवाड्यातील भुकेल्या मराठी माणसांचीही छायाचित्रे घेतली. राजा दीनदयाळ यांचे नाव संस्थानिकांच्या तसबिरींमुळे सर्वतोमुखी झाले. त्या दुसऱ्या कामाची ओळख मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच असेल.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मीरतजवळील सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. घरचा धंदा हातात असताना त्यांनी नव्या विद्येचा मार्ग स्वीकारला. रुडकी येथील टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालय हे त्या काळी हिंदुस्थानातील स्थापत्यविद्येचे अग्रगण्य स्थान होते. तेथील शिक्षण पूर्ण करून 1866 च्या सुमारास ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. अंदाजपत्रके तयार करणे आणि नकाशे काढणे हे त्यांचे काम. रेषेची शिस्त, मापाचा काटेकोरपणा आणि इमारतीकडे पाहण्याची जाणती नजर हे गुण त्यांनी या नोकरीत कमावले. पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर हीच पुंजी त्यांच्या कामी आली.

1874 च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास प्रारंभ केला. आज खिशातील दूरध्वनीवर बोट टेकविले की चित्र निघते. त्या काळी ही गोष्ट इतकी सुलभ नव्हती. काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, अंधारात ते चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर वाळण्यापूर्वी ते धुऊन पक्के करावयाचे, असा तो सारा खटाटोप होता. उन्हाळ्याच्या दिवसांत थर पाहता पाहता वाळे आणि श्रम वाया जात. त्यामुळे छायाचित्रकारास काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या जड पेट्या आणि पाणी असा मोठा लवाजमा बरोबर न्यावा लागे. कागदावरील छाप काचेच्याच आकाराचा निघत असल्याने मोठे चित्र हवे असेल तर कॅमेराही तेवढाच मोठा लागे. पुढे कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हे कष्ट काहीसे हलके झाले. तथापि त्यांची पहिली उमेदवारी या खडतर पद्धतीतच झाली.

गुणास आश्रय मिळाला म्हणजे त्याचे तेज वाढते. इंदूरचे अधिपती महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी दीनदयाळांस प्रोत्साहन दिले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर-जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांचीही त्यांच्यावर मर्जी बसली. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, त्या प्रसंगी त्यांनी छायाचित्रे घेतली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत 1882 च्या सुमारास ते बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशातील प्राचीन वास्तूंच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेरचा किल्ला, सांचीचे स्तूप, खजुराहोची देवालये यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ग्रिफिन यांच्या 1886 साली निघालेल्या ग्रंथात समाविष्ट झाली. इतिहासाच्या अभ्यासकांस ती आजही उपयोगी पडतात. कारण त्यानंतरच्या काळात कित्येक वास्तूंची डागडुजी झाली, कित्येकांचे रूप पालटले, आणि मूळ स्थिती कशी होती याची साक्ष द्यावयास ही चित्रेच उरली.

सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी प्रतिष्ठेची व निर्वेधपणाची परमावधी. तीवर पाणी सोडून छायाचित्रणावरच संसार चालविण्याचा निश्चय करणे ही लहान गोष्ट नव्हे. दीनदयाळांनी तो निश्चय केला. परंतु तो अविचाराने केला नाही. सुमारे दहा वर्षे नोकरी सांभाळून त्यांनी कलेत हात बसविला, गिऱ्हाईक जोडले, नाव मिळविले आणि मगच पाऊल टाकले. कलेच्या वाटेस लागणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी हा क्रम अवश्य ध्यानात घ्यावा.

इंदूर, सिकंदराबाद आणि 1896 पासून मुंबई अशा तीन ठिकाणी त्यांच्या पेढीच्या चित्रशाळा होत्या. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले व राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांस आपले छायाचित्रकार म्हणून मान्यता दिली. 1893 साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली, आणि 1897 साली राणी व्हिक्टोरियाकडून त्यांस राजछायाचित्रकाराची सनद मिळाली.

पेढीच्या कामाचा व्याप पाहिला म्हणजे मन थक्क होते. संस्थानिकांच्या व सरदारांच्या तसबिरी, लग्नसमारंभ, राजवाड्यांची दालने, लष्कराच्या कवायती, शिकारी, किल्ले, कारखाने, लेणी, देवालये, ज्याने जे सांगितले ते काम पेढी करी. सामान्य स्थितीतील गृहस्थही सहकुटुंब चित्र काढून घेण्यास चित्रशाळेत येत. पडद्यातील स्त्रियांस परपुरुषासमोर बसणे त्या काळी अशक्य. म्हणून 1892 साली हैदराबादेत त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली व तेथील काम एका इंग्रज बाईकडे सोपविले. समाजाची रूढी न दुखविता समाजाच्या निम्म्या भागास कलेचा लाभ देण्याची ही युक्ती व्यापारी खरी. परंतु तिच्यात माणसाच्या अडचणीची जाणीवही होती. ज्ञानचंद व धर्मचंद हे दोघे पुत्र याच धंद्यात वाढले, आणि पेढीचे काम कुटुंबाचे काम झाले.

येथवरची कथा यशाची आहे, आणि बहुतेक चरित्रलेख येथेच थांबतात. खरी कसोटी पुढेच आहे.

1899 साली पावसाने दगा दिला. त्याआधी 1896-97 चा दुष्काळ होऊन गेलाच होता. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच हे दुसरे संकट कोसळले. गुजरात, राजपुताना, मध्यप्रांत, वऱ्हाड, मुंबई इलाखा आणि निजामाचे राज्य इतक्या विस्तीर्ण प्रदेशात 1899-1900 च्या या दुष्काळाने हाहाकार उडविला. चाऱ्याअभावी गुरे मेली, आणि गुरे गेली म्हणजे शेतकऱ्याचा पुढचा हंगामही गेला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दुष्काळी मदतीची कामे निघाली. अशा कामांची त्या काळची रीत ठरलेली होती. धडधाकट माणसांस तळी खोदणे, रस्ते बांधणे, खडी फोडणे अशी कामे देऊन त्यांच्या मापाप्रमाणे मजुरी द्यावयाची, आणि ज्यांच्याने काम होत नाही अशा वृद्धांस, रोग्यांस व मुलांस तयार अन्न वाटावयाचे.

या मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळांच्या पेढीने घेतली. ज्या औरंगाबाद जिल्ह्यात त्यांनी वेरूळच्या कैलास लेण्याचे वैभव काचेवर उतरविले होते, त्याच जिल्ह्यात आता हाडांचे सापळे झालेली माणसे त्याच प्रकारच्या कॅमेऱ्यासमोर होती. या चित्रांत तसबिरींतील मखमलीचे पडदे नाहीत, रंगविलेली पार्श्वभूमी नाही. उघडे माळरान आहे आणि वाट पाहणारी माणसे आहेत. परंतु काम मात्र तेच, राजाच्या तसबिरीइतकेच काळजीपूर्वक केलेले. भिंग तितकेच स्वच्छ, चौकट तितकीच सावरलेली. गिऱ्हाईक मोठे असो की समोरचा माणूस कंगाल असो, हात सैल पडू द्यावयाचा नाही, हा कारागिराचा धर्म त्या चित्रांत दिसतो.

येथे एका प्रश्नास बगल देणे योग्य होणार नाही. भुकेल्या माणसाचे चित्र काढावे काय? 1876-78 च्या मद्रासकडील दुष्काळात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर माणसे ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली होती. त्या चित्रांनी दुष्काळाचे भीषण स्वरूप दूरदेशीच्या लोकांस कळले हे खरे. परंतु चित्रे घेणाऱ्याने त्या जिवांच्या मुखी घास घातला काय, अशी कठोर टीकाही त्याच्यावर झाली. दीनदयाळांच्या पेढीची चित्रे त्याहून वेगळी आहेत, कारण त्यांत मदत चाललेली दिसते. मात्र हेही विसरता कामा नये की, ही चित्रे राज्याच्या लोकोपयोगी कामांची नोंद म्हणून घेतली गेली, आणि राज्यकर्त्यास शोभा आणणे हा अशा नोंदीचा एक हेतू असतोच. मदत मिळाली ती माणसे चित्रात आली. मदतीच्या ठिकाणापर्यंत जी पोहोचलीच नाहीत त्यांचे चित्र कोण काढणार?

असे असूनही या कामाचे मोल कमी होत नाही. राजाच्या आज्ञेने निघालेली चित्रे राजाहून अधिक काळ टिकली, आणि आज ती पाहणाऱ्याचे लक्ष राज्यकर्त्याच्या औदार्याकडे जात नाही. ते जाते त्या माणसांच्या चेहऱ्यांकडे. छायाचित्राचा हाच विशेष होय. ते सांगितलेले काम करतेच. परंतु समोर जे होते तेही लपवू शकत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1902 साली, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद राज्यात शिकारीस आले, तेव्हा मारलेल्या वाघासह त्यांचे छायाचित्र याच पेढीने घेतले, आणि 1903 सालच्या दिल्ली दरबाराचा थाटही टिपला. कोणी यास विसंगती म्हणतील. धंद्याने जगणाऱ्या माणसास समोर येणारी सर्वच कामे आपल्या आवडीची निवडता येत नाहीत, हे आपणां कष्टकरी कुटुंबांस कोणी सांगावयास नको. निवडता येते ती कामातील सचोटी.

1904 साली पुत्र धर्मचंद यांचे निधन झाले. त्यानंतर अल्पावधीतच, 1905 च्या जुलै महिन्यात दीनदयाळही निवर्तले. ज्ञानचंदांनी पेढी पुढे चालविली. परंतु 1911 साली आश्रयदाते निजाम महबूब अली खान वारले आणि पूर्वीचे वैभव परत आले नाही. सुदैव इतकेच की, काचा सगळ्याच नष्ट झाल्या नाहीत. त्यांपैकी 2,857 काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 साली मिळवून जतन केल्या. 2006 साली भारत सरकारने दीनदयाळांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? कलेवर सन्मानाने पोट भरते, मात्र त्यासाठी नोकरीइतकाच नियमितपणा व व्यापाराइतकीच दक्षता लागते, हा पहिला बोध. दुसरा बोध अधिक जवळचा आहे. दीनदयाळांनी चित्रे घेतलेल्या राजांची व साहेबांची नावे आपणांस ठाऊक आहेत. औरंगाबादच्या माळावर अन्नाची वाट पाहत बसलेल्या एकाही माणसाचे नाव आज सांगता येत नाही. चेहरा राहिला आणि नाव गेले. त्यांची नातवंडे-पणतवंडे मराठवाड्यात कोठे तरी असतील. परंतु तो चेहरा आपल्या पणजोबाचा आहे हे त्यांस कसे कळावे?

आपल्या सावर्ड्याच्या व भोवतालच्या वाड्यांतील घरांतही हेच घडत आहे. मुंबईस चाकरीला गेलेल्या माणसांनी हौसेने काढून गावी धाडलेली चित्रे, लग्नातील घोळक्याची चित्रे, ज्ञातीच्या जुन्या सभांची चित्रे आपल्या भिंतींवर व पेट्यांत आहेत. ती ओळखणारे वडीलधारे दरवर्षी एकेक करून आपणांतून जात आहेत. म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींस नम्र विनंती आहे की, या वर्षी सवड काढून घरातील आजी-आजोबांस ती चित्रे दाखवावीत, आणि प्रत्येकाच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. या कामास पैसा लागत नाही. दीनदयाळांच्या हातून जे राहिले ते आपल्या घरापुरते आपण पुरे केले, तर थोर पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.