वडिलांना पॅरालिसिस झालाय, मग खेळ कशाला? डॉ. लुडविग गटमन यांची गोष्ट

कासारसाईत माझ्याकडे येणाऱ्या एका पेशंटची मुलगी परवा औषधं घेऊन झाल्यावरही दारातच घुटमळत राहिली. तिचे वडील, आप्पा, दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या झाडावरून पडले. तेव्हापासून कंबरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. पूर्वी ते विहिरीत पट्टीचे पोहणारे. तिला विचारायचं होतं, की आप्पांना पुन्हा पाण्यात उतरवलं तर चालेल का. घरात हे बोलल्यावर भाऊ चिडला होता. बाबांचं एवढं झालंय आणि तुला खेळ सुचतात, असा त्याचा सूर होता.

तुमच्या घरी वडील किंवा आई अशा अवस्थेत असतील, तर यातली एक बाजू तुमचीही असेल. उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एका डॉक्टरांबद्दल सांगतो. ते 1980 साली वारले, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आयुष्यभर खपून तयार करून ठेवलं आहे.

लुडविग गटमन यांचा जन्म 3 जुलै 1899 चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या टोस्ट या गावचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. 1917 साली, अठराव्या वर्षी, ते कोळशाच्या खाणींच्या भागातल्या एका अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे पाठीचा कणा मोडलेला एक तरुण खाणकामगार आणला गेला. धट्टाकट्टा गडी. त्याला प्लास्टर घातलं, पडद्याआड ठेवलं, आणि हा काही आठवड्यांचा सोबती असं वरिष्ठांनी सांगून टाकलं. तसंच झालं. पाठीला जखमा, लघवीत जंतुसंसर्ग, मग तो रक्तात पसरला आणि पाच आठवड्यांत माणूस गेला.

इथे थोडं थांबा. तो माणूस मोडलेल्या कण्याने गेला नाही. कणा मोडल्यावर जे करायला हवं होतं ते कोणी केलं नाही, म्हणून गेला. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती.

पुढे गटमन डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाऊ शहरात, त्या काळच्या मोठ्या मेंदूतज्ज्ञांपैकी एक असलेल्या ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली तयार झाले. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मग ते तिथल्याच ज्यू रुग्णालयात गेले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले. दारात येईल त्या माणसाला काही न विचारता दाखल करून घ्या, असा आदेश गटमन यांनी दिला. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकशीला आले, तेव्हा त्यांनी एकेका खाटेपाशी उभं राहून प्रत्येकाला काहीतरी आजार असल्याचं सांगितलं. दाखल झालेल्या 64 जणांपैकी 60 जण त्यामुळे वाचले. 1939 मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले.

1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडेव्हिल इथे कण्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला आणि तो गटमन यांच्याकडे आला. हे काम म्हणजे हरलेली बाजी, असं सहकाऱ्यांचं मत होतं.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. प्लास्टर काढून टाकलं आणि दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, दिवसाही आणि रात्रीही, असा नियम केला. नियम पाळला जातो का हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. स्वभावाने कडक, हेकट म्हणावे इतके. पेशंट मात्र त्यांना पॉपा म्हणायचे.

दोन तासच का? आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण दाबाखालची कातडी कुरकुरते. संवेदना गेल्यावर ती कुरकुर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. माकडहाड, टाच, खुबा इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वरून फक्त लालसर डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावरही तो लालच राहिला, तर ती सुरुवात समजा आणि त्या जागेवरचा भार त्याच दिवसापासून काढा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी एकदा मी चुकलो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका घरी आठवड्याला जायचो. बीपी बघायचो, छाती तपासायचो, गोळ्या लिहायचो. पेशंटला कुशीवर वळवून पाठ मात्र कधी बघितली नाही. बायकोला वास आला तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली होती. ते वाचले नाहीत. आता मी कोणाच्याही घरी गेलो की आधी चादर बाजूला करायला सांगतो.

दुसरी गोष्ट लघवीची. मूत्राशय भरल्यावर कण्याच्या वरच्या भागात इजा असलेल्यांचा रक्तदाब एकदम उसळतो, हे गटमन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी 1947 मध्ये नोंदवलं. घरच्यांनी हे माहीत करून घ्याच. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर आधी त्यांना उठवून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का बघा. लगेच उतार पडला नाही तर थेट हॉस्पिटल.

जीव वाचू लागले, पण वाचलेल्यांनी करायचं काय? गटमन यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग सुरू केलं. आणि खेळ. आधी व्हीलचेअरवरचा पोलो, तो फार धसमुसळा निघाला म्हणून बंद. मग नेटबॉल आणि तिरंदाजी. तिरंदाजी निवडण्यामागे शुद्ध वैद्यकीय हिशेब होता. धनुष्य ओढताना खांदे, पाठ आणि तोल तिन्ही कामाला लागतात. पाय गेलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत सरकायला नेमकं हेच लागतं.

29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. 14 पुरुष, 2 स्त्रिया. 1952 मध्ये हॉलंडचा संघ आला. 1960 मध्ये रोमला 23 देशांतले 400 खेळाडू जमले. आज ज्याला आपण पॅरालिम्पिक म्हणतो त्याची ही सुरुवात.

1972 च्या स्पर्धा म्युनिकला व्हायच्या, पण तिथलं खेळाडूंचं गाव मिळालं नाही म्हणून त्या हायडेलबर्गला झाल्या. ज्या देशातून गटमन यांना पळावं लागलं, तिथेच. याच स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पेटकर सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात. बॉक्सिंग संपलं आणि पोहणं उपचारातून हाती आलं. ‘चंदू चॅम्पियन’ तुम्ही पाहिला असेल, तो त्यांच्यावरच आहे.

गटमन यांची एक मर्यादाही सांगायला हवी. त्यांच्या स्पर्धा बरीच वर्षं कण्याच्या इजेपुरत्याच होत्या. हातपाय कापावे लागलेले आणि अंध खेळाडू थेट 1976 मध्ये टोरांटोला आले. आपल्या भागात पॅरालिसिस म्हणून जे येतात, त्यातले बरेचसे स्ट्रोकचे, एक बाजू गेलेले असतात. त्यांचं गणित वेगळं. आधी बीपी आणि साखर ताब्यात हवी. लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका, खांदा निखळतो. बसून चेंडू टाकणं-झेलणं, कॅरम, चांगल्या हाताने लुळा हात धरून चेंडू ढकलणं, यातून सुरुवात होते.

आता त्या मुलीचा प्रश्न. होय, आप्पा पाण्यात उतरू शकतात. पण कासारसाई धरणाच्या पाण्यात नाही. तिथे काठ चिखलाचा, तळाला दगड, खोलीचा अंदाज नाही, आणि पाय कापला तरी त्यांना कळणार नाही. तलावच हवा, तोही फिजिओथेरपिस्टने तपासून होकार दिल्यावर, आणि पाण्यात शेजारी पोहता येणारा माणूस हवा. अंगावर एकही उघडी जखम नको. शौच आधी झालेलं असावं. कॅथेटर असेल तर डॉक्टरांशी वेगळं बोला. पायात मोजे घाला, नाहीतर काठाच्या फरशीने पाय सोलवटतात, आणि दुपारी तीच फरशी भाजते. उचलून ठेवताना घाई नको, वापरात नसलेली हाडं ठिसूळ होतात. नंतर पाय सुजला किंवा गरम लागला तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा. बाहेर आल्यावर अंग कोरडं करून पाठ, खुबे आणि टाचा नीट बघा.

व्हीलचेअरवर बसलेले असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून, मिनिट-दोन मिनिटं बसायच्या जागेवरचा भार काढायला शिकवा. आणि हवा भरायची गोल रिंग बसायला देऊ नका. मेडिकलमध्ये ती सर्रास मिळते, पण तिच्या कडांनीच रक्त अडतं.

मोठ्या तपासणीसाठी मुंबईला हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही सरकारी संस्था आहे. पेशंट सैन्यातले असतील तर आपल्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे व्हीलचेअरवरचे खेळही चालतात. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर तेही काढून घ्या.

गटमन यांना 1966 मध्ये सर हा किताब मिळाला. 18 मार्च 1980 रोजी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही महिन्यांनी, ते गेले.

आप्पांच्या उजव्या टाचेला रुपयाएवढी जखम आहे, ती भरेपर्यंत पोहणं थांबवलं आहे. तोवर अंगणात रोज सकाळी अर्धा तास नातवंडांबरोबर खुर्चीतून चेंडू फेकायचा, असं लिहून दिलंय. भावाला मी दवाखान्यात बोलावलं होतं. तो आला, बराच वेळ गप्प बसला, आणि जाताना तलावात उतरताना आप्पांना नेमकं कुठे धरायचं ते विचारून गेला.