लात्रेय आणि तांबड्या मानेचा भुंगेरा

पृथ्वीच्या पाठीवरील ज्ञात प्राण्यांत कीटकांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि कीटकांतही भुंगेऱ्यांचा भरणा अधिक. भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींची वर्णने आजवर शास्त्रज्ञांनी लिहून ठेवली आहेत. यांतील कित्येक भुंगेरे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. वरवर पाहता ते सर्व सारखेच भासतात. परंतु भिंगाखाली धरले की प्रत्येकाची घडण निराळी दिसते. ही घडण बारकाईने पाहून कीटकांची सुसंगत मांडणी करण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव प्येर आंद्रे लात्रेय.

लात्रेयचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजी फ्रान्समधील ब्रीव्ह या गावी झाला. आईबापांच्या मायेला तो जन्मतःच पारखा झाला होता. सुदैवाने गावातील काही सज्जनांनी त्याचा सांभाळ केला आणि वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविले. तेथे स्फटिकांचा थोर अभ्यासक आयुई याचा स्नेह त्याला लाभला. १७८६ साली लात्रेयने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. पण त्याचे मन रमे ते रानावनात, दगडांखाली आणि झाडांच्या सालींत दडलेल्या कीटकांत! फुरसतीचा प्रत्येक क्षण तो कीटक गोळा करण्यात व त्यांचे निरीक्षण करण्यात घालवी.

त्या काळी कीटकांच्या अभ्यासात मोठा गोंधळ होता. स्वीडनच्या लिनियसने कीटकांचे गट पाडले, ते मुख्यतः पंखांवरून. त्याचा शिष्य फाब्रिसियस याने पंखांपेक्षा मुखांगांना अधिक महत्त्व दिले. परंतु कोणत्याही एकाच अवयवावर विसंबून राहिले की जवळचे नातलग दूर पडत आणि परके जवळ येत. लात्रेयने निराळा मार्ग धरला. डोके, वक्ष, उदर, पंख, मुखांगे, शृंगिकांचा आकार, पावलातील पेऱ्यांची संख्या, या सर्वांचा एकत्र विचार करून कोणता कीटक कोणाच्या जवळचा हे ठरवावे, असे त्याचे मत होते. हे काम सोपे नव्हते. मोहरीएवढ्या डोक्यावरील शृंगिकांची पेरी मोजावयाची, तोंडाचे सूक्ष्म भाग सुईच्या टोकाने अलग करावयाचे आणि जे दिसेल तेच लिहावयाचे! यासाठी दृष्टी तीक्ष्ण हवी, हात स्थिर हवा आणि मनही तितकेच शांत हवे.

त्याची खरी कसोटी लवकरच लागली. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला. सर्व धर्मोपदेशकांनी नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा झाला. लात्रेयने ती शपथ घेतली नव्हती. १७९३ च्या नोव्हेंबर महिन्यात त्याला पकडण्यात आले आणि पुढे बोर्दो शहरातील तुरुंगात टाकण्यात आले. समुद्रापारच्या गियाना वसाहतीत हद्दपारी हे त्याच्या नशिबी आलेले भवितव्य होते. त्या भयंकर प्रवासातून परत येण्याची आशा फार थोड्यांना असे.

अंधारकोठडीत मृत्यूची छाया पसरली असतानाही लात्रेयचा स्वभाव मात्र बदलला नाही. एके दिवशी कोठडीच्या जमिनीवर त्याला एक चिमुकला भुंगेरा दिसला. लांबी उणीपुरी पाच मिलिमीटर. वक्ष तांबूस, पायही तांबूस, पंखांच्या कवचांचा आरंभीचा भाग तसाच तांबडा आणि उरलेला भाग चकाकत्या निळ्या रंगाचा. शृंगिकांची टोके गदेसारखी फुगीर. सुकलेले मांस, कातडी व हाडे यांच्या आसपास राहणारा हा कीटक. फाब्रिसियसने १७७५ साली या जातीचे वर्णन केले होते. आज ती नेक्रोबिया रूफिकॉलिस या नावाने ओळखली जाते. रूफिकॉलिस म्हणजे तांबड्या मानेचा.

कैद्यांची तपासणी करण्यास आलेल्या वैद्याला एक विलक्षण दृश्य दिसले. ज्याच्या जिवाची शाश्वती नाही असा एक कैदी जमिनीवरील किडा एकाग्रतेने न्याहाळीत होता! वैद्याने चौकशी केली, तेव्हा ही जात फार दुर्मिळ आहे, असे लात्रेयने त्याला समजावून सांगितले. वैद्य चकित झाला. तो भुंगेरा त्याने बोरी द सँ-व्हँसाँ या तरुण निसर्गाभ्यासकाकडे पाठविला. बोरी त्या वेळी अवघा पंधरा-सोळा वर्षांचा होता; पण लात्रेयचे संशोधन त्याला ठाऊक होते. एवढा मोठा कीटकज्ञ तुरुंगात खितपत पडला आहे हे कळताच तो अस्वस्थ झाला. बोर्दोमधील निसर्गाभ्यासक दार्जेला याच्या साहाय्याने त्याने खटपट केली आणि लात्रेयची व त्याच्या एका सोबत्याची सुटका करविली. मागे राहिलेले कैदी महिन्याभरात मृत्युमुखी पडले, असे सांगतात. तुरुंगाच्या भिंतींना जे भेदता आले नसते, ते त्या इवल्याशा जीवाने भेदले!

सुटका होताच लात्रेय पुन्हा आपल्या कामाला लागला. १७९६ साली ब्रीव्ह येथे त्याने स्वखर्चाने एक ग्रंथ छापला. कीटकांच्या प्रजातींची लक्षणे नैसर्गिक क्रमाने मांडणारा हा ग्रंथ आकाराने लहान होता, पण कीटकांच्या कुलांची कल्पना त्याने शास्त्रात रुजविली. पुढल्याच वर्षी राजवटीची वक्रदृष्टी पुन्हा त्याच्याकडे वळली. त्याला घरातच स्थानबद्ध करण्यात आले व त्याची पुस्तके जप्त झाली. या वेळी कूव्ह्ये व लामार्क यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ त्याच्या पाठीशी उभे राहिले. १७९८ साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात कीटकांची मांडणी करण्याचे काम त्याच्याकडे आले.

पुढील तीस वर्षे त्याने अखंड परिश्रम केले. कवचधारी प्राणी व कीटक यांचा इतिहास त्याने १८०२ ते १८०५ या काळात चौदा खंडांत लिहिला. अनेक नव्या जाती व प्रजाती त्याने वर्णिल्या. १८१० सालच्या ग्रंथात त्याने प्रत्येक प्रजातीसाठी एकेक जाती नमुना म्हणून नेमून दिली. प्रजातीच्या नावाविषयी वाद उत्पन्न झाल्यास तो कशावरून मिटवावा, याचा त्यामुळे एक पक्का आधार मिळाला. १८१४ साली तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला. लामार्कची दृष्टी अधू झाली तेव्हा त्याची व्याख्याने लात्रेयनेच चालविली. तथापि स्वतःचे प्राध्यापकपद त्याला लाभले ते १८३० साली, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! वैभव उशिरा आले. पण ते यावे म्हणून त्याने कधी काम थांबविले नव्हते, की कामात चुकारपणा केला नव्हता. १८३२ साली फ्रान्सच्या कीटकशास्त्र मंडळाची स्थापना झाली, तेव्हा सन्माननीय अध्यक्ष म्हणून त्याचीच निवड झाली.

६ फेब्रुवारी १८३३ रोजी लात्रेय पॅरिस येथे निवर्तला. तेथील पेर लाशेझ स्मशानभूमीत त्याच्या समाधीवर एक उंच स्तंभ उभा आहे. समाधीवर एरवी राजांची, सेनापतींची किंवा विजयांची नावे कोरलेली आढळतात. या स्तंभावर मात्र लात्रेयचा प्राणदाता म्हणून त्या तांबड्या मानेच्या भुंगेऱ्याचे नाव कोरले आहे. असा मान दुसऱ्या एखाद्या किड्याच्या वाट्याला क्वचितच आला असेल. परंतु कोठडीत तो भुंगेरा इतर कैद्यांच्याही नजरेसमोरून गेला असेलच. त्याला ओळखणारा मात्र एकटा लात्रेय होता, आणि ती ओळख त्याने एका दिवसात नव्हे, तर कित्येक वर्षांच्या अभ्यासाने मिळविली होती.