सगळ्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला कारखाना : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडीची शंभरी भरली म्हणून आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांची आठवण काढायला आम्ही बसलो, तर पहिलंच नाव निघालं लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं. दर नारळी पौर्णिमेला त्यांची जयंती होते. तरण्या पोरांना मात्र त्यांचं नाव पाटीवरचंच ठाऊक, म्हणून हे चार शब्द.

लोणी बुद्रुकच्या साध्या शेतकरी घरात ते जन्मले. शाळा थोडीच झाली, पण माणसांची पारख दांडगी. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यात सावकारीचा फास मोठा. याच जाचापायी १८७५ साली पारनेर, श्रीगोंद्याकडचे शेतकरी सावकारांवर उठले होते, त्यांनी कर्जखतं जाळली होती. विठ्ठलरावांनी दुसरी वाट धरली. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. गावाचा पैसा गावाच्याच अडचणीला यावा, एवढाच हेतू.

पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलू लागला, तरी शेतकऱ्याच्या पदरात फार काही पडेना. गुळाचा भाव अडत्याच्या हाती. बेलापूरकडं तर खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतलेल्या. रान आपलं, पाणी दारात, अन् साखर दुसऱ्याची!

१९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनीच मिळून कारखाना काढायचा, या विचारानं तिथं जोर धरला. तो तडीस नेण्यासाठी विठ्ठलराव गावोगाव फिरले, एकेका शेतकऱ्याला समजावून भाग गोळा केले. खेड्यातली माणसं कारखाना काय चालवणार, असं हसणारे होतेच. पण आधी लोकांनी आपला पैसा घातला, मग सरकार आणि कर्ज देणाऱ्या संस्था पाठीशी आल्या. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

१९४८ च्या अखेरीस कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम झाला. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. अध्यक्षपद विठ्ठलरावांनी गाडगीळांकडं दिलं, स्वतः उपाध्यक्ष राहिले. जाणत्याला पुढं करून आपण मागं राहायचं, हे सोपं नाही. सभासद पन्नास एकरवाला असो की दोन एकरवाला, मत एकच. १९६१ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. उसाच्या पैशातून पुढं शाळा निघाल्या, दवाखाना झाला. १९८० साली त्यांनी देह ठेवला.

आम्हा वारकऱ्यांना हे काही नवं नाही. दिंडीत प्रत्येकाची भिशी असते, कुणी पैसे देतं, कुणी शिधा, कुणी नुसते हात लावतं. पंगतीला सगळे एका ओळीत. कुणा एका धनवंताच्या दानावर दिंडी शंभर वर्षं चालली नसती. विठ्ठलरावांनी हाच रिवाज शेतात आणला, असं आम्ही म्हणतो.

पण एक बोच सांगितलीच पाहिजे. पाटाच्या कडेची घरं सुधारली. पाथर्डी, शेवगावच्या जिरायती रानातली माणसं मात्र आजही कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पाचटाच्या कोपीत संसार मांडतात. त्यांतले कितीतरी आपल्याबरोबर पंढरीला चालतात. सभासदाला मत मिळालं, पण ज्याच्याकडं ना ऊस ना पाणी, तो सभासद व्हायचा कसा? पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय आपण पत्रावळी उचलत नाही. विठ्ठलरावांनी पंगत मांडून दिली, शेवटच्या पानापर्यंत वाढायचं काम तुमच्या-आमच्याकडं राहिलं आहे.

॥ राम कृष्ण हरी ॥