ठिणगीची वेळ साधणारा माणूस

आपल्या वर्कशॉपच्या मागे सध्या एकच विषय चालतो: ईसीयू. बाहेरचा ईसीयू आणायचा, इंजिनाला जोडायचा, लॅपटॉप लावून कुठला तरी तयार मॅप भरायचा, की झालं काम! पोट्ट्यांना वाटतं, ट्यूनिंग म्हणजे मोबाईलची रिंगटोन बदलणं. पण मित्रांनो, त्या मॅपमधल्या आकड्यांची गोष्ट सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि ती ज्या माणसापासून सांगावी लागते त्याचं नाव रॉबर्ट बॉश. हे नाव आपल्याकडे पंप-नोझलच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतं. आपल्या वडिलांच्या पिढीला ते मायको म्हणून ठाऊक होतं. बंगलोरला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा नाशिकलाही कारखाना आहे; २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. नाव सर्वांना माहीत, माणूस मात्र कोणालाच नाही, म्हणून हा खटाटोप.

बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावचा. बारा भावंडांत हा अकरावा. वडिलांची शेती आणि खाणावळ होती, म्हणजे घर आपल्यासारखंच. उल्मला तो बारीक यंत्रकामाची उमेदवारी करायला गेला, पण तिथं मालकाचं शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. हे त्याच्या मनात कायम राहिलं. पुढे स्वतःच्या कारखान्यात त्याने १९१३ साली उमेदवारांसाठी वेगळा विभागच काढला. डिग्री त्याच्याकडे नव्हती. स्टुटगार्टच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे महिने बसला, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे राबला, आणि १५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप उघडलं. सोबत एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. टेलिफोन, विजेच्या घंट्या, जे येईल ते काम. गिऱ्हाइकाकडे जायला सायकल.

१८८७ मध्ये एकाने त्याला जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटोचा शोध बॉशचा नव्हे. दुसऱ्याचं यंत्र त्याने पाहिलं, पेटंट नाही याची खात्री केली आणि ते जास्त चांगलं बनवलं. खरी परीक्षा १८९७ साली आली. फ्रेडरिक सिम्स नावाच्या व्यावसायिकाने द दिओं-बुताँची तीनचाकी त्याच्याकडे पाठवली. तिचं इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत जायचं. जुन्या मॅग्नेटोचा जड आर्मेचर त्या वेगाला पुरेना. मग त्याचा कारागीर आर्नोल्ड त्सेरिंगर याने युक्ती केली: जड भाग स्थिर ठेवून फक्त एक हलकी धातूची नळी हलवायची. जमलं! १९०२ मध्ये गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला, आणि मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली.

आता यात ट्यूनिंग कुठे आलं? ऐका. पेट्रोल एकदम जळत नाही, थोडा वेळ घेतं. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. किती आधी, हे वेगावर आणि लोडवर ठरतं. जुन्या मोटारीत ड्रायव्हर हे काम स्टीअरिंगजवळच्या दांड्याने अंदाजे करायचा. बॉशच्याच कंपनीने १९७६ मध्ये लॅम्डा सेन्सर आणला आणि १९७९ मध्ये मोट्रॉनिकमध्ये ठिणगी व इंधन एकाच कंट्रोल युनिटच्या हाती दिलं. आपला मॅप म्हणजे त्याच दांड्याचा शेकडो चौकोनांचा तक्ता.

हे पाहायला बॉश नव्हता. तो १२ मार्च १९४२ ला गेला. १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस देणारा हा मालक. पण युद्धकाळात त्याच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबले, हेही लिहिलंच पाहिजे. त्याच काळात त्याने हिटलरविरोधी मंडळींना आणि छळ झालेल्या ज्यूंना मदतही केली. माणूस एका ओळीत बसत नाही.

आता आपलं. थंड देशात बसवलेला मॅप अकोल्याच्या ४५ अंशांत भरला तर काय होईल? तापलेली हवा आत गेली की नॉकिंग लवकर सुरू होतं. ॲडव्हान्स तेवढाच ठेवला तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही, बाप्पा! आणि आपल्या टीमकडे इंजिन एकच आहे. वर्कशॉपचे सर घाई करू देत नाहीत ते काहून, हे यावरून समजावं.

माझं मत सरळ आहे. मॅप भरण्याआधी टायमिंग लाईट घ्यावा. स्क्रीनवर १० अंश दिसतात तेव्हा क्रँकच्या पुलीवर खरंच १० आहेत का, ते डोळ्यांनी बघावं. नसतील तर ट्रिगरचा ऑफसेट दुरुस्त करावा, तोवर एकाही चौकोनाला हात लावू नये. कमी ॲडव्हान्सपासून सुरुवात करून, नॉकिंगचा आवाज ऐकत, एकेक अंश वाढवावा. बॉशच्या वर्कशॉपलाही ठिणगी अशीच एकेका दुरुस्तीने सापडली होती. आपल्याला तर तेवढी वर्षं लागणार नाहीत. एक आठवडा पुरेल.