उत्तर सांगितलं, सिद्धता नाही! गणितज्ञ फर्मा यांची गोष्ट

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर द फर्मा न्यायाधीश होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. १६४३ मध्ये पॅरिसचे धर्मगुरू आणि गणितज्ञ मेर्सेन यांनी त्यांना १००८९५५९८१६९ ही संख्या मूळ आहे का, असं विचारलं. फर्मांनी तिचे दोन अवयव कळवले: ८९८४२३ आणि ११२३०३. गुणाकार करून खात्री करणं सोपं, पण अवयव शोधणं महाकठीण!

त्याच वर्षी त्यांनी एक युक्तीही सांगितली. संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडा, अवयव मिळतील. २०२७६५१२८१ म्हणजे ४५०४१ चा वर्ग वजा १०२० चा वर्ग. म्हणून अवयव ४४०२१ आणि ४६०६१.

एरवी मात्र ते पत्रांतून इतरांना आव्हान देत आणि सिद्धता स्वतःकडेच ठेवत. १६६५ मध्ये ते गेले. त्यांचं 'शेवटचं प्रमेय' सिद्ध होऊन छापून यायला १९९५ साल उजाडलं.

आज अवयव उघड न करताही ते आपल्याला माहीत आहेत, हे समोरच्याला पटवता येतं. यालाच 'झिरो-नॉलेज प्रूफ' म्हणतात. फर्मांच्या काळात ही सोय नव्हती. सिद्धता दाखवली नाही, तर उरायचा तो फक्त त्यांचा शब्द.