अर्देशीर कर्सेटजी वाडिया

गॅसची बत्ती म्हटली म्हणजे आमच्या वडगांवच्या पेठेंतील वडील मंडळींस लग्नाच्या वरातीपुढें डोक्यावरून वाहिलेली, सूं सूं आवाज करणारी झगझगीत बत्ती आठवते. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती बहुधा नुसती ऐकलेली असेल. परंतु खरें पाहतां त्या बत्तींत कोणताहि गॅस भरलेला नसे. तळच्या टांकींतील रॉकेल हवेच्या दाबानें वर चढे, तापून त्याची वाफ होई, आणि ती जाळीपाशीं पेटे. ज्या गॅसविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे तो निराळा. तो दगडी कोळशापासून काढीत, पाण्यावर तरंगणाऱ्या टांकींत सांठवीत, आणि नळांवाटें घरोघर नेत. हा गॅस मुंबईंत आपल्या घरीं पहिल्यानें तयार करून ज्यानें जाळला, तो पुरुष त्या वेळीं अवघ्या २५ वर्षांचा, धंद्यानें जहाजें बांधणारा, आणि जातीनें पारशी होता. अर्देशीर कर्सेटजी वाडिया हें त्याचें नांव.

वाडिया घराणें मूळ सुरतेचें. लवजी नसरवानजी ह्यांस ईस्ट इंडिया कंपनीनें १७३६ सालीं मुंबईस आणिलें, आणि तेव्हांपासून मुंबईच्या गोदीचा मुख्य कारागीर ह्याच कुळांतला असावयाचा असा पायंडा पडला. सागवानी लांकडाचीं त्यांचीं जहाजें इतकीं टिकाऊ असत कीं, १८१७ सालीं मुंबईंत पाण्यांत सोडलेली ‘त्रिंकोमाली’ नांवाची लढाऊ नौका इंग्लंडांत हार्टलपूल बंदरीं अजून जपून ठेवलेली आहे. अर्देशीर ह्यांचा जन्म ह्या कुळांत ६ ऑक्टोबर १८०८ रोजीं झाला. १८२२ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते बापाच्या हाताखालीं गोदींत कामास लागले. तासणी, वाकस आणि करवत हींच त्यांची पाटी-पेन्सिल झाली असती तर घराण्यांत आणखी एका निष्णात सुताराची भर पडली असती, इतकेंच. परंतु ते दिवस पालटीचे होते. १८३० सालीं मुंबईच्याच गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट शिडांवर विसंबून न राहतां तांबड्या समुद्रांतून सुवेझास जाऊन पोहोंचली, आणि बापजाद्यांची लांकडाची विद्या आतां एकटी पुरी पडणार नाहीं हें ह्या तरुणास कळून चुकलें.

वाफेचें यंत्र शिकविणारी शाळा त्या वेळीं ह्या देशांत नव्हती. पुस्तकें, चित्रें आणि स्वतःचे हात एवढ्या सामग्रीवर त्यांनीं एका अश्वशक्तीचें लहानसें यंत्र घडविलें. नंतर १८३३ सालीं ६० टनांची ‘इंडस’ नांवाची नौका बांधून तींत वाफेचें यंत्र बसविलें. आणि ह्याच सुमारास त्यांचें मन कोळशाच्या गॅसाकडे वळलें.

हें धाडस केवढें होतें हें समजण्यास तो गॅस कसा काढीत हें थोडें सांगितलें पाहिजे. लोणारी लोक लांकडें मातीखालीं पुरून, हवा कोंडून, त्यांचा कोळसा करतात हें आपण ऐकून आहों. तसाच दगडी कोळसा तोंड बंद केलेल्या लोखंडी पात्रांत घालून बाहेरून तापविला म्हणजे तो पेटत नाहीं. त्यांतील ज्वालाग्राही वायु, डांबर आणि पाणी हीं बाहेर पडतात, व मागें कोक उरतो. ह्या पात्रास रिटॉर्ट म्हणतात. निघालेल्या वायूंत मुख्यतः हायड्रोजन व मिथेन असतात, आणि त्यांच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा जहरी वायु व कुजक्या अंड्यासारखी घाण येणारा गंधकाचा वायु हेहि असतात. म्हणजे एकाच नळींत प्रकाश, आग, स्फोट आणि विष हीं चारीहि एकत्र वाहत असतात! विल्यम मर्डॉक ह्यानें १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमध्यें आपलें घर ह्या गॅसानें उजळिलें, तेव्हां ही विद्या निव्वळ नवलाची होती. ती माणसांच्या वस्तींत नांदण्याजोगी करण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्याच कारखान्यांत तयार झालेल्या सॅम्युएल क्लेग नांवाच्या शिल्पज्ञास आहे, आणि अर्देशीरांच्या चरित्रांत त्याच्याकरितां थोडी जागा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिली भीति अशी कीं, रिटॉर्टाचें झांकण नवा कोळसा भरण्यासाठीं उघडलें म्हणजे नळांत सांठलेला गॅस उलटा येऊन भट्टीच्या जाळावर पेटावा. ह्यावर उपाय काढला तो आपल्या गुडगुडीच्या तत्त्वाचा. रिटॉर्टाची नळी एका आडव्या मोठ्या नळांतील पाण्यांत बुडवून ठेवावयाची. गॅस बुडबुडत पुढें जातो, पण पुढचा गॅस पाणी ओलांडून मागें येऊं शकत नाहीं. उपाय इतका साधा, कीं त्याचें मोल चटकन ध्यानांत येत नाहीं; परंतु त्यांतील पाणी आटूं दिलें तर सर्व व्यर्थ! दुसरी अडचण गंधकाच्या घाणीची. तिच्यासाठीं क्लेगनें गॅस चुन्यांतून नेला. चुना गंधकाचा वायु शोषून घेतो, त्यामुळें दिव्याशेजारीं बसणाऱ्या माणसाचे डोळे व छाती वांचतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र चुन्यानें जात नाहीं. तें शेवटपर्यंत गॅसांत राहिलें, आणि ज्या ज्या शहरांनीं हा गॅस घरांत घेतला तेथें बंद खोलींत रात्रीं गळलेल्या गॅसानें माणसें दगावलीं. गॅसास जो मूळचा उग्र वास असे, त्यानेंच पुष्कळांस वेळीं जागें केलें. आजच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील गॅसास मूळचा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यांत दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं लक्षांत ठेवावी.

तिसरी भीति सर्वांत मोठी, म्हणजे सांठवणाच्या टांकीची. ही टांकी पाण्यांत पालथ्या घातलेल्या तांब्यासारखी असते. गॅस आंत शिरला कीं वर चढते, खर्च झाला कीं खालीं बसते. हजारों घनफूट गॅस भर वस्तींत सांठलेला पाहून लंडनच्या लोकांची झोंप उडाली, आणि ती भीति अगदींच निराधार नव्हती. १८१३ सालीं वेस्टमिन्स्टर येथील गॅसच्या कारखान्यांत स्फोट झाला, आणि स्वतः क्लेग त्यांत भाजला. तेव्हां रॉयल सोसायटीची एक समिति सर जोसेफ बँक्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं पाहणीस आली. समितीचें मत पडलें कीं, टांक्या लहान ठेवाव्या व भक्कम इमारतींत कोंडाव्या. क्लेगनें काय केलें म्हणाल, तर कुदळ मागवून टांकीस भोंक पाडलें आणि बाहेर येणाऱ्या गॅसास मेणबत्ती लाविली! समितीचीं माणसें मागें हटलीं, असें सांगतात. परंतु गॅस भोंकापाशीं दिव्यासारखा जळत राहिला, आणि टांकी फुटली नाहीं. कारण उघड आहे. निर्भेळ गॅस एकटा स्फोट पावत नाहीं. त्यांत हवा विशिष्ट प्रमाणांत मिसळली तरच तो बारूद बनतो. टांकी उघड्यावर असली तर गळलेला गॅस वाऱ्यानें उडून जातो. इमारतींत कोंडली तर तोच हवेशीं मिसळून सांचत जातो. म्हणजे विद्वानांनीं सुचविलेला बंदोबस्तच अधिक धोक्याचा होता. कुदळीची कृति आम्हांस अविचाराची वाटते, आणि कोणीहि तिचें अनुकरण करूं नये. परंतु तिच्यामागें ज्ञान होतें हें नाकारतां येत नाहीं.

ह्यापुढें क्लेगनें १८१५ सालीं गॅस मोजण्याचें व दाब सारखा राखण्याचें यंत्र आपल्या नांवें नोंदविलें. दाब सारखा राखण्यांत सुरक्षितपणा कोणता, असें वाटेल. दाब एकदम उतरला तर दिवे विझतात. मग दाब पुन्हां चढला म्हणजे विझलेल्या दिव्यांतून गॅस न पेटतां खोलींत भरतो, आणि पुढें कोणी काडी ओढली कीं अनर्थ होतो. एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

हीं साधनें विलायतेंत रूढ झालेलीं होतीं. मुंबईंत मात्र त्यांतलें एकहि नव्हतें, आणि तीं हाताळणारा मनुष्यहि नव्हता. दगडी कोळसा समुद्रापलीकडून यावयाचा. अशा स्थितींत अर्देशीरांनीं स्वतःच्या खर्चानें, केवळ एतद्देशीय कारागिरांच्या साह्यानें, माझगांवच्या आपल्या बंगल्यांत गॅसचा लहानसा कारखाना उभारिला, आणि बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनीं उजळून टाकिलीं. १० मार्च १८३४ रोजीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर हे मुद्दाम तो पाहावयास गेले व त्यांनीं अर्देशीरांचा मानाचा पोशाख देऊन गौरव केला. आमच्या मतें पोशाखापेक्षां मोलाची गोष्ट ही, कीं लोखंडाचे सांधे गॅस न गळण्याइतके घट्ट बसवणें हें काम ह्या देशच्या कारागिरांनीं केलें. जहाजाच्या फळ्यांच्या फटी पाणी शिरूं नये म्हणून बुजविण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांस गळतीचें भय शिकवावें लागलें नसेल.

१८३९ सालीं ते मिसर देशाच्या वाटेनें इंग्लंडास गेले. ह्या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० सालीं लंडनमध्यें छापली गेली. तेथील गोद्या व यंत्रशाळा त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिल्या. ते मुंबईस परतल्यावर २७ मे १८४१ रोजीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद निवडलें. जिच्या समितीपुढें क्लेगनें कुदळ चालविली होती, तीच ही संस्था! मुंबईंत गॅसचे दिवे आणणें व वाफेची नौका सिद्ध करणें हीं कामें त्यांच्या शिफारसपत्रांत नमूद होतीं. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, आणि तेहि १९१८ सालीं. मध्यें ७७ वर्षें गेलीं.

त्याच वर्षीं कंपनी सरकारनें त्यांस मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर नेमिलें. युरोपियन कामगार एका हिंदी मनुष्याच्या हुकमतींत आले, आणि ओरड सुरू झाली. ‘बाँबे टाइम्स’ पत्रानें शंका काढली कीं, एतद्देशीय मनुष्य कितीहि हुशार व शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांवर हुकमत चालविण्यास तो लायक ठरेल काय. अर्देशीरांनीं त्याच जागेवर १६ वर्षें काम करून १ ऑगस्ट १८५७ रोजीं निवृत्ति घेतली. आम्हांस वाटतें, त्या लेखास इतका लांबलचक आणि इतका मुकाट जबाब क्वचितच कोणीं दिला असेल. मध्यंतरीं १८४९ सालीं ते अमेरिकेस जाऊन लांकूड कापण्याचीं यंत्रें घेऊन आले, आणि १८५१ सालीं त्यांनीं ‘लवजी फॅमिली’ नांवाची आगबोट पाण्यांत सोडली. तिचे सर्व भाग माझगांवच्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांत घडविलेले होते. शिवण्याचें यंत्र, छायाचित्रण आणि विजेनें मुलामा देण्याची कृति हींहि मुंबईंत आणण्याचें श्रेय त्यांस देतात.

शहरास मात्र त्यांच्या दिव्याचा उपयोग करून घेण्यास फार वेळ लागला. कलकत्त्याचे रस्ते १८५७ सालीं गॅसानें उजळले. मुंबईंत गॅस कंपनी १८६२ सालीं निघाली, आणि ऑक्टोबर १८६५ मध्यें भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट, एस्प्लनेड ह्या भागांत पहिल्यानें दिवे लागले. दिवे लावणारा मनुष्य एका खांबावरून दुसऱ्याकडे जाई, आणि त्याच्या मागोमाग लोकांचे थवेच्या थवे चालत. माझगांवच्या बंगल्यांतील रोषणाईस तेव्हां ३१ वर्षें होऊन गेलीं होतीं. पुढें विजेनें ते दिवे मालविले. लालबागेंत ‘गॅस कंपनी गल्ली’ एवढें नांव मागें राहिलें.

तो सोहळा झाला तेव्हां अर्देशीर मुंबईंत नव्हते. निवृत्तीनंतर ते इंग्लंडास गेले होते. १८६१ सालीं सिंधु नदीवरील आगबोटींच्या कंपनीनें त्यांस मुख्य इंजिनियर म्हणून सिंधमध्यें कोटरी येथें बोलाविलें. परंतु १८६३ सालीं तें काम सोडून ते पुन्हां इंग्लंडास परतले. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं लंडनजवळ रिचमंड येथें काढलीं, आणि तेथेंच १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं त्यांचा अंत झाला. भारत सरकारच्या टपाल खात्यानें १९६९ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक तिकीट काढलें. कोणा विद्यार्थ्याच्या घरीं जुन्या तिकिटांचा संग्रह असेल तर त्यानें तें शोधून पाहावें.