कुंचल्याच्या अक्षरांचे शिल्पकार : रोजे एक्सकोफाँ

संगणकावर 'वर्ड'मध्ये अक्षरांचे नमुने निवडताना 'मिस्ट्रल' हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कुणीतरी हाती कुंचला घेऊन गमतीत झरझर लिहावे, तशी ही इंग्रजी अक्षरे दिसतात. ती घडविणाऱ्या फ्रेंच कलावंताचा परिचय या अंकात आम्ही करून देत आहोत.

रोजे एक्सकोफाँ यांचा जन्म १९१० साली फ्रान्समधील मार्सेय या बंदराच्या शहरी झाला. आधी ते कायदा शिकू लागले, पण त्यात मन रमेना. चित्रकार व्हायचे म्हणून ते पॅरिसला गेले. पुढे मार्सेयच्या 'ओलिव्ह' या टाइप फाउंड्रीचे काम त्यांच्याकडे आले. तेथे छापखान्यांसाठी शिशाचे खिळे ओतले जात. मालक मार्सेल ओलिव्ह हे त्यांचे मेहुणे होते. पॅरिसच्या मोठ्या कारखान्यांपुढे टिकायचे, तर काही नवे देणे भाग होते.

ते नवेपण त्यांनी कुंचल्यात शोधले. १९५१ मध्ये 'बांको', १९५३ मध्ये 'मिस्ट्रल' आणि १९५५ मध्ये जाड फटकाऱ्यांचा 'शॉक' असे टाइप आले. मिस्ट्रल हे दक्षिण फ्रान्समधील जोरदार थंड वाऱ्याचे नाव. त्या टाइपाला आधार होता त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षराचा. पुस्तकातील मजकुरापेक्षा दुकानांच्या पाट्या, जाहिराती आणि शीर्षके यांसाठी ही अक्षरे होती. फ्रान्समधील गल्लोगल्ली ती दिसू लागली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. हाताने लिहिताना एक अक्षर दुसऱ्याला सहज जोडता येते. शिशाचा प्रत्येक खिळा मात्र सुटा असतो. कोणत्या अक्षरापुढे कोणते येईल, याचा नेम नाही. म्हणून प्रत्येकाची शेपटी पुढच्याला अचूक भिडेल अशाच उंचीवर संपवावी लागे. केसभर चूक झाली, तरी शब्द तुटलेला दिसे. देवनागरीचे खिळे पाडणाऱ्या आपल्या कारागिरांनाही शिरोरेषा जुळविताना हीच कसरत करावी लागली. वरून खेळकरपणा, आत काटेकोर मोजमाप!

१९६८ च्या ग्रेनोब्ल हिवाळी ऑलिंपिकचे बोधचिन्हही एक्सकोफाँ यांचेच. १९७८ साली ओलिव्ह फाउंड्री दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि १९८३ साली एक्सकोफाँ यांचे निधन झाले. शिशाच्या खिळ्यांचा जमानाही सरला. तरी एका माणसाच्या हाताचे वळण आज जगभरच्या संगणकांवर जिवंत आहे.

संगणक आला, आता हस्ताक्षर कशाला, असे मुले आम्हाला विचारतात. त्यांना आमचे उत्तर हेच, की संगणकातील हे अक्षरही आधी एका हाताने कागदावर गिरविले होते. तेव्हा सुलेखनाची वही बंद करू नका. अक्षरांशी खुशाल खेळा, पण आधी ती नीट जुळवायला शिका.